अण्णांच्या डिस्चार्ज बुकात ७१ चा पश्चिमी स्टार नाही, कुणी रेकॉर्ड दुरुस्त करून घेतलंय का?

सोनकी – १४ जानेवारी २०२३

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

माझे वडील, अण्णा, १९६४ ला आर्मीत भरती झाले, ड्रायव्हर. दहा वर्षं कलर सर्व्हिस म्हणजे प्रत्यक्ष नोकरी, मग पाच वर्षं रिझर्व्ह म्हणजे बोलावलं तर जायचं, त्यामुळे रिझर्व्हिस्ट पेन्शन आहे. २०२१ ला ७१ च्या युद्धाला पन्नास वर्षं झाली तेव्हा आमच्याकडे माजी सैनिकांचा एक सत्कार होता. कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी काय केलं, तर सगळ्यांची डिस्चार्ज बुकं मागवली, मेडलचं पान बघितलं आणि ज्यांच्या पानावर पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार (त्या युद्धात पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या आघाडीवर असलेल्यांची पदकं) त्यांना स्टेजवर खुर्च्या, बाकीचे खाली. अण्णा खाली. त्यांच्या पुस्तकात संग्राम मेडल आणि २५ व्या स्वातंत्र्यदिनाचं मेडल एवढीच नोंद आहे.

आता हा माणूस त्या डिसेंबरात जम्मूकडच्या सांब्याच्या पुढे शक्तिमान ट्रकमधून दारूगोळा वाहत होता. बसंतर नदीकडे जाताना सुरुंगांच्या पट्ट्यातून काढलेली वाट, दोन्ही बाजूला पांढऱ्या फिती, लाईट बंद, आणि पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावर डोळा ठेवून चालवायचं, हे आम्ही लहानपणापासून ऐकलंय. म्हणजे ऐकलंय म्हणजे फार नाही, ते वर्षातून एकदा बोलतात, दिवाळीत एखादा फटाका जवळ फुटला की.

स्टार का नाही विचारलं तर म्हणतात, "आमचं युनिट पीसला (आघाडीपासून लांब) होतं, मला दुसरीकडे अटॅच केलं होतं, राहिलं असेल." पन्नास वर्षं "राहिलं असेल"! त्या दिवशी घरी येईपर्यंत चकार शब्द नाही काढला, रात्री मात्र ट्रंक उघडून बसले होते.

हे आता दुरुस्त होतं का? अर्ज कुठे करायचा? अण्णा आता ७७ चे आहेत.

अर्धाकप – १४ जानेवारी २०२३

राग मानू नका पण त्या स्टारला पैसे मिळतात का काही? नसतील तर या वयात त्यांना ऑफिसांच्या पायऱ्या कशाला चढायला लावता.

सोनकी – १४ जानेवारी २०२३

पैसे नाही मिळत माहितीये. पायऱ्या मी चढणार आहे, ते नाही.

जुना_बाबू – १५ जानेवारी २०२३

सोनकीताई, जय हिंद. मी सव्वीस वर्षं क्लर्क होतो फौजेत, त्यातली सहा रेकॉर्ड ऑफिसला. नीट सांगतो, घाईत वाचू नका.

पहिली गोष्ट, डिस्चार्ज बुक हे मूळ कागद नव्हे. घरी जाताना जवानाच्या हातात जी प्रत देतात ती ती. कुणीतरी क्लर्कने, माझ्यासारख्याच, दिवसाला वीस वीस पुस्तकं भरताना शीट रोल, म्हणजे ऑफिसातला जवानाच्या नोकरीचा मूळ कागद, बघून लिहिलेलं असतं. त्यामुळे चूक दोन ठिकाणी असू शकते. एक तर शीट रोलला स्टार आहे आणि पुस्तकात उतरवायचा राहिला, हे सोपं, एका पत्रात काम होतं. नाहीतर शीट रोललाच नाही, म्हणजे युनिटने क्लेमच पाठवला नव्हता. अण्णांचं दुसरं असणार असं वाटतं.

का ते सांगतो. फौजेत माणसाच्या बाबतीत जे जे घडतं, बदली, रजा, लग्न, पोर झालं, मेडल मिळालं, ते सगळं पार्ट टू ऑर्डरमध्ये छापलं जातं. छापलं तर घडलं, नाही छापलं तर नाही घडलं. आता युद्धानंतर मेडलचे क्लेम प्रत्येक युनिट आपापल्या माणसांचे करतं. अण्णांचं मूळ युनिट पीस स्टेशनला, तर त्यांनी सरसकट सगळ्यांचा संग्राम क्लेम केला आणि विषय संपला. ज्यांच्याकडे अण्णा अटॅच होते त्यांना वाटलं हा आपला माणूस नाही, याचं याचं युनिट बघेल. दोघांच्या मधे स्टार पडला. असे अटॅचमेंटवाले ड्रायव्हर, कुक, सिग्नलवाले, नर्सिंग असिस्टंट कितीतरी.

म्हणून "मेडल द्या" असा अर्ज करू नका. लोक तिथेच चुकतात. मेडल मागितलं की समोरचा पुस्तकाचं पान बघतो, नोंद नाही म्हणतो, फाईल बंद. तुम्ही कागद मागा. शीट रोलची प्रत आणि नोव्हेंबर ७१ ते मार्च ७२ मधल्या त्यांच्या नावाच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती. अटॅचमेंट छापलेली असेल तर युनिटचं नाव आणि तारीख तिथे मिळेल, कधीपासून टीओएस (हजेरीवर घेतलं), कधी एसओएस (हजेरीवरून काढलं). स्टारसाठी प्रश्न एकच असतो, ठरलेल्या तारखांना ठरलेल्या भागात हा माणूस होता का. ते सिद्ध करणारा कागद हातात आला की मग मेडलचं बोला.

अर्ज रेकॉर्ड ऑफिसला, ओआयसी (ऑफिसर इन चार्ज) रेकॉर्ड्सच्या नावे. प्रत्येक रेजिमेंटचं, कोअरचं वेगळं असतं. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नलचं जबलपूरला. अण्णांच्या पुस्तकावर शिक्का असेलच. आर्मी नंबर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. सही पुस्तकातल्यासारखी. आणि पत्र थेट पाठवाच पण एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतही जाऊ द्या, तिथून गेलेल्या पत्राला जावक क्रमांक असतो, आणि क्रमांकाला फौजेत मान आहे.

सोनकी – १५ जानेवारी २०२३

बाबूकाका, दंडवत. हे प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. अण्णांना वाचून दाखवलं, "कुकपर्यंत आठवण ठेवली या माणसाने" म्हणाले.

रानवारा – १७ जानेवारी २०२३

मधे घुसतो. माझे आजोबा ६५ च्या लढाईत होते, पण सात-आठ वर्षांतच घरी आले, पेन्शन नाही. त्यांचं डिस्चार्ज बुक पुरात गेलं. आम्ही दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं तर उत्तर आलं की कागदपत्रं मुदत संपल्याने नष्ट केली आहेत. असं कसं नष्ट करतात? युद्ध लढलेल्या माणसाचे कागद रद्दीत??

जुना_बाबू – १७ जानेवारी २०२३

रद्दीत नाही, नियमाने जाळतात, पण तुमच्यासाठी एकच. ज्यांना पेन्शन नाही त्यांची कागदं डिस्चार्जनंतर पंचवीस वर्षं ठेवायची असा नियम आहे. उरतो तो लाँग रोल, ते मोठं रजिस्टर कायम ठेवतात. त्यात नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज, कारण असा मोजका मजकूर. तुम्ही परत लिहा आणि लाँग रोलचा उतारा मागा, "कागदपत्रं द्या" म्हणू नका. तो आला म्हणजे निदान माणूस होता हे तरी सरकारी शिक्क्याने हातात येईल. युनिट कळलं की पुढे युनिटकडची बाजू बघता येते, मेडलच्या याद्या, वॉर डायरी म्हणजे युनिटची युद्धातली रोजची नोंदवही.

वकिलीण_नाही – १७ जानेवारी २०२३

वॉर डायरीवरून, २०२१ च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलंय की युद्धांच्या नोंदी हिस्टरी डिव्हिजनकडे द्यायच्या आणि साधारण पंचवीस वर्षांनी खुल्या करायचा विचार करायचा. पण डायरीत शिपायाचं नाव सापडायची आशा ठेवू नका, डायरी युनिटची असते, तिथे "दोन गाड्या आल्या" एवढंच असतं, चालवणारा कोण ते नसतं.

सोनकी, तुम्हाला माझा सल्ला असा की साधा अर्ज करून दोन महिने थांबा. उत्तर नाही आलं तर आरटीआय. आर्मीला आरटीआय लागू आहे, ऑनलाईनही करता येतो, फी १० रुपये, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं, नाही दिलं किंवा अर्धवट दिलं तर पहिलं अपील तीस दिवसांच्या आत. अर्ज अण्णांच्याच नावाने करा, स्वतःच्या नावाने नको, नाहीतर तिसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती म्हणून परत येईल. अण्णा हयात आहेत आणि स्वतःचीच माहिती मागतायत यासारखी भक्कम बाजू नाही. रानवारा यांना वारस असल्याचे आणि मृत्यूचे दाखले जोडावे लागतील.

(नावाप्रमाणे, मी वकील नाही. सासऱ्यांच्या पेन्शनसाठी भांडून भांडून शिकलेय.)

अर्धाकप – १८ जानेवारी २०२३

आमच्या इथे एक जण आठ हजारात "दोन महिन्यांत मेडल घरपोच" म्हणून सांगत फिरतो. खरं असतं का ते?

जुना_बाबू – १८ जानेवारी २०२३

मेडल घरपोच देईलही. बाजारात नकला मिळतात, कँटोन्मेंटच्या दुकानात रिबनसकट. नोंद कुठून आणेल? नोंदीशिवाय मेडल छातीवर लावणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात हळद लावून बसणं. असल्या माणसाला डिस्चार्ज बुक तर सोडाच, त्याची झेरॉक्स सुद्धा देऊ नका.

सोनकी – २ फेब्रुवारी २०२३

अर्ज गेला, दोन्हीकडून. आणि एक सापडलंय! आईच्या (आई जाऊन नऊ वर्षं झाली) कपाटात साड्यांच्या खाली अण्णांची पत्रं. ७१ च्या नोव्हेंबर ते ७२ च्या फेब्रुवारीतली सहा आंतर्देशीय पत्रं. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर, नाव आणि "मार्फत ५६ एपीओ", आणि मधे एका युनिटचं नाव आहे जे त्यांच्या नेहमीच्या युनिटचं नाहीये! अण्णांना दाखवलं तर आधी लाजले, हातातून काढूनच घेतली. मजकूर वाचायचा नाही या अटीवर पत्त्याच्या बाजूचे फोटो काढू दिले.

शिक्केवाला – २ फेब्रुवारी २०२३

ताई माझा छंदच हा, फील्ड पोस्टाचे शिक्के जमवतो. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ५६ एपीओ म्हणजे पश्चिमेकडचं, पूर्वेकडच्या फौजेला ९९ एपीओ. पण ५६ वर फार काही ठरत नाही, तो सगळ्या पश्चिमेचा एकच पत्ता, जवान नक्की कुठे आहे ते कळू नये म्हणूनच तसा असतो. खरी गंमत गोल शिक्क्यात असते. त्यात गावाचं नाव नसतं, एफपीओ (फील्ड पोस्ट ऑफिस) आणि एक नंबर असतो, आणि तारीख. भिंगाने तो नंबर वाचून सांगा. आणि कृपा करून पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको.

सोनकी – ३ फेब्रुवारी २०२३

चार पत्रांवर नंबर स्पष्ट आहे, चारींवर एकच, तारखा २९ नोव्हेंबर, ८ डिसेंबर, २१ डिसेंबर, आणि ३ जानेवारी. नंबर तुम्हाला निरोपात पाठवलाय.

आठ डिसेंबर म्हणजे लढाई चालू असताना लिहिलंय. आईला. आणि मला वाचायचं नाहीये म्हणे.

शिक्केवाला – ५ फेब्रुवारी २०२३

माझ्याकडच्या त्याच नंबरच्या त्याच महिन्यातल्या दोन पाकिटांवर पाठवणाऱ्यांची जी युनिटं आहेत ती शकरगढ भागात, म्हणजे बसंतरच्याच बाजूला, लढलेल्या फौजेतली आहेत. म्हणजे अण्णांचं सांबा-बसंतर बरोबर जुळतंय. सरकार हे पुरावा मानेल का ते बाबूकाकांना विचारा, मी फक्त शिक्के वाचतो.

जुना_बाबू – ५ फेब्रुवारी २०२३

शिक्क्याने मेडल मिळणार नाही, पण शोध कुठे घ्यायचा ते क्लर्कला सांगता येईल. रेकॉर्डवाल्याचं अर्धं काम शोधण्याचं असतं, आणि "७१ ला कुठेतरी अटॅच होतो" वर कुणी शोधत नाही. "अमुक युनिट, नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत" म्हटलं की रजिस्टर उघडायला हात जातो.

केवडा – ११ फेब्रुवारी २०२३

थोडा वेगळा प्रश्न. माझ्या मामांना ७१ लाच मांडीत छर्रे लागले होते, अजून एक आत आहे. त्यांना घाव पदक मिळायला हवं ना? पुस्तकात काहीच नाही.

जुना_बाबू – ११ फेब्रुवारी २०२३

वूंड मेडल, आता पराक्रम पदक म्हणतात. ते सुरू झालं १९७३ ला पण लागू १५ ऑगस्ट १९४७ पासून, म्हणजे ७१ चे घाव त्यात बसतात. अट अशी की घाव शत्रूच्या थेट कारवाईतला हवा, गाडी उलटून लागलेलं चालत नाही. तिथे मेडिकल कागद बघतात, बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत जखमी) म्हणून नोंद झाली होती का आणि हॉस्पिटलचे कागद. आणि मामांचं प्रकरण नुसतं मेडलचं समजू नका, बॅटल कॅज्युअल्टीची नोंद निघाली तर वॉर इंज्युरी पेन्शनचाही विषय निघतो. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गर्दी होईल.

सोनकी – ९ जून २०२३

अपडेट, वाईट. चार महिन्यांनी उत्तर आलं. चार ओळी. "तुमच्या डॉक्युमेंटनुसार तुम्ही संग्राम मेडलसाठी पात्र होता व ते देण्यात आले आहे. पश्चिमी स्टारसाठी पात्र असल्याची नोंद आढळत नाही." शीट रोल नाही, पार्ट टू नाही, काही नाही. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. अण्णा म्हणाले, "झालं ना समाधान? आता सोड." मी दोन दिवस रडले आणि मग रागच आला.

अर्धाकप – ९ जून २०२३

सोडू नका. मीच पहिल्या दिवशी कशाला म्हणालो होतो, मागे घेतो. आमच्या वडिलांचं एसटीतलं सर्व्हिस बुक असंच होतं, मी सोडलं, अजून टोचतं.

जुना_बाबू – १० जून २०२३

रडायचं काय त्यात, उत्तर चांगलं आहे! परत वाचा. "पात्र नाही" असं कुठे लिहिलंय? "नोंद आढळत नाही" लिहिलंय. त्यांनी मूळ युनिटचा क्लेम बघितला, त्यात नाव नाही, म्हणून ही ओळ. अटॅचमेंटचं अक्षर नाही म्हणजे तिकडे बघितलंच नाही. आता आरटीआय टाका. प्रश्न विचारू नका, प्रती मागा. "का दिलं नाही" विचारलं तर "का"चं उत्तर देणं बंधनकारक नाही म्हणतात, कागद मात्र असेल तर द्यावा लागतो.

वकिलीण_नाही – १० जून २०२३

शंभर टक्के. आणि ते चार ओळींचं पत्र पाकिटासकट जपून ठेवा, उद्या ट्रिब्युनलला जायची वेळ आली तर अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांत जावं लागतं. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं बेंच मुंबईत आहे. एवढी वेळ येईल असं वाटत नाही पण पाकिटावरची तारीख आपल्या बाजूने असलेली बरी.

सोनकी – २२ ऑगस्ट २०२३

आलं!!! अकरा पानं झेरॉक्स, निम्मी काळी पडलेली. बाबूकाकांना स्कॅन पाठवलेत, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, सगळे शॉर्टफॉर्म.

जुना_बाबू – २३ ऑगस्ट २०२३

रात्री एक वाजेपर्यंत भिंग घेऊन बसलो होतो, घरची मंडळी म्हणाली रिटायर झालात ना. सातव्या पानावर खालून तिसरी ओळ. अण्णांचा नंबर, "अटॅच्ड" आणि पत्रावरच्याच युनिटचं नाव, २४ नोव्हेंबर ७१ पासून. नवव्या पानावर परत आल्याची ओळ, जानेवारी ७२. छापलेलं आहे. पन्नास वर्षं तिथेच होतं.

आता दुसरं पत्र. त्यात कहाणी नको, बसंतर नको, दिवाळीचे फटाके नकोत. या तारखेच्या पार्ट टू ऑर्डरप्रमाणे मी या काळात या युनिटला अटॅच होतो, ते युनिट स्टारच्या भागात होतं, मूळ युनिटच्या क्लेममधून माझं नाव सुटलं, पात्रता तपासून नोंद घ्यावी. सोबत दोन झेरॉक्स आणि पत्रांच्या पत्त्याच्या बाजू. बस्स, अर्धं पान.

सोनकी – २३ ऑगस्ट २०२३

अर्धंच पान झालं. अण्णांनी सही करताना सातव्या पानावरच्या त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बघितलं. मग सांगितलं की त्या युनिटमधला त्यांच्या गाडीवरचा जोडीदार परत आला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नाव सांगितलं, इथे लिहीत नाही.

रानवारा – ४ सप्टेंबर २०२३

आमचा लाँग रोलचा उतारा आला. दोनच ओळी आहेत पण आजोबांच्या कॅरॅक्टरपुढे "एक्झम्प्लरी" म्हणजे आदर्श असं लिहिलंय. आज्जीला अर्थ सांगितला तर म्हणे "मला काय नवीन सांगता." बाबूकाका, धन्यवाद.

सोनकी – १९ मार्च २०२४

मंडळी, नोंद झाली. नवी पार्ट टू ऑर्डर निघाली, तिचा उतारा आज आला, पश्चिमी स्टार. मेडल मागाहून येईल म्हणे, कधी ते देव जाणे. शिक्केवाले, तुमचा एफपीओ नंबर दुसऱ्या पत्रात घातला होता. सगळ्यांना पेढे पोचले असं समजा.

पण एक घोळ आहेच. उताऱ्यात अण्णांचं आडनाव चुकलंय, इंग्रजीत मधे एक ए जास्तीचा पडलाय.

जुना_बाबू – १९ मार्च २०२४

अभिनंदन ताई, अण्णांना माझा सलाम सांगा. पण आडनावाचं आजच पत्र टाका, उद्या नको. मेडलवर नंबर आणि नाव कोरून येतं, तिथे तो ए गेला की मग कायमचा.

सोनकी – १९ मार्च २०२४

सांगितलं. तर म्हणाले, "नंबर बरोबर आहे ना? मग तो मीच." आणि उतारा घडी करून आईच्या पत्रांत ठेवून दिला. मी पत्र टाकतेच आहे, त्यांना न सांगता.